अठरा टोपल्यांचं रान

पहिल्याच फेकीला प्राजक्ताची डिस्क जांभळीच्या बुंध्यावर आपटली, वाळक्या पानांवरून सरपटत गेली आणि उतारावर कुठंतरी गडप झाली. मागं उभे असलेले म्हादूकाका "गेली" एवढंच म्हणाले. रक्षिता डिस्क शोधायला उतारावर गेली. किरण हसला, पुढं आला, पाय रोवून नेम धरला आणि त्याच जांभळीची दुसरी बाजू सोलून काढली. मग तोही हसायचा थांबला.

खेळ सांगायला सोपा आहे. ताटलीएवढी प्लास्टिकची डिस्क फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि शेवटी लोखंडी खांबाला लोंबणाऱ्या साखळ्यांवर आदळून खालच्या टोपलीत पाडायची. अशा अठरा टोपल्या. कमीत कमी फेकींत ज्याच्या पुऱ्या होतील तो जिंकला. मोकळ्या माळावर हा खेळ हाताच्या जोरावर चालतो. रानात तो चालत नाही, कारण रानात झाडं असतात आणि झाडं जागची हलत नाहीत.

प्राजक्ता बंगळूरला राहायची, पण मूळची जोयड्याजवळच्या रामनगरची. तिच्या वडिलांचं हमरस्त्यावर टायरचं दुकान होतं. जोयड्याकडचं रान म्हणजे बसच्या खिडकीतून मागं पळणारी हिरवी भिंत, एवढीच तिची लहानपणची ओळख. पुढं नोकरीनिमित्त बंगळूरला गेल्यावर ती या खेळात पडली, बरीच वर्षं पहिल्या पाचांत खेळली, आणि गुडघा कुरकुरायला लागल्यावर खेळाच्या संघटनेनं तिच्याकडं मैदानं तपासायचं काम दिलं. कुठं स्पर्धा घेण्याजोगं मैदान आहे, कुठं नाही, हे तिनं खेळून बघायचं आणि सांगायचं. यावेळी राष्ट्रीय स्पर्धेसाठी जागा बघायची होती आणि तिच्या जोडीला बेळगावचा किरण होता. वय सव्वीस, दंड भरलेले, फेक अशी लांब की माळावर त्याच्याशी बरोबरी करणारे दोनचारच.

आणि हे रान रक्षिताचं. म्हणजे कागदावर तिच्या बाबांचं आणि म्हादूकाकांचं, मालकीचं, राखीव जंगलाच्या हद्दीबाहेरचं. घरची भातशेती जिथं संपते तिथून ते चढायला लागतं. रक्षिता धारवाडला शिकली, बंगळूरला चार वर्षं एका कंपनीत होती, तिथंच डिस्क हातात आली. नोकरी सोडून घरी आली तेव्हा तिच्या बॅगेत कपड्यांपेक्षा डिस्क जास्त होत्या, असं तिची आई फुला अजून सांगते. पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या, आणि त्या पाहुण्यांनी करायचं काय म्हणून रानात एकेक टोपली उभी केली. टोपल्या रामनगरच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतल्या. साखळ्या गुरांच्याच, बाजारातून आणलेल्या.

"अक्का, डिस्क सापडली," उतारावरून रक्षिताची हाक आली. "पण जागा बघून घ्या. हितनं वाट हाय."

प्राजक्ता खाली गेली. डिस्क करवंदीच्या जाळीला टेकून पडली होती. समोर किंदळाची तीन झाडं, त्यांच्या पलीकडं टोपली. तिसऱ्या आणि दुसऱ्या किंदळाच्या मधून, खालून, जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीवरून एक फट दिसत होती. तिनं वाकून फेकलं. डिस्क फटीतून गेली आणि टोपलीच्या अलीकडं बसली. दुसऱ्या फेकीत साखळ्या वाजल्या. एका चुकीला एक फेक दंड, त्याहून जास्त नाही.

तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही. नशीब, एवढंच ती मनात म्हणाली.

पहिल्या नऊ टोपल्यांत दोघांचंही नाक चांगलंच खाली आलं. तिसरी ओढ्याच्या पलीकडं होती. ओढा रुंद नव्हता, पण अलीकडं नाणा झाडाच्या फांद्या इतक्या खाली आलेल्या की डिस्क उंच काढायची सोय नव्हती. पाचवी चढावर, बांबूच्या बेटाला वळसा घालून. सातवी दिसायला इतकी सोपी, इतकी जवळ, की किरणनं न थांबता फेकली; टोपलीमागचा उतार त्याला दिसलाच नव्हता. डिस्क टोपलीवरून गेली, सागाच्या वाळक्या पानांवर पडली आणि घसरगुंडीवर बसावी तशी खाली निघून गेली.

"ही पानं झाडून काढायला पायजेत," किरण म्हणाला.

"पावसाळ्यात पानं नसत्यात," रक्षिता म्हणाली. "मग चिखल असतो. तवा हीच टोपली दोनात हुतीय. आता डिसेंबरात जपून टाकायची."

आठवीला दोन किंदळ दरवाजाच्या खांबांसारखे उभे होते आणि त्यांच्यापुढं वाट उजवीकडं वळत होती. उजव्या हातानं साधी फेकलेली डिस्क शेवटी डावीकडं कलते. तेव्हा इथं एकतर मनगट उलटं फिरवून फेकायचं, नाहीतर दरवाजातून जेमतेम बाहेर पडेल एवढीच टाकून दुसऱ्या फेकीची वाट बघायची. किरणला दुसरं काही मान्यच नव्हतं. त्यानं पूर्ण जोर लावला. डावा किंदळ असा वाजला की वरनं एक धनेश पंख फडफडवत उडाला.

"मी डिस्क जायची लाइन हुडकूलालोय मघापासनं," किरण प्राजक्ताला म्हणाला, रक्षिताला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "लाइनच न्हाई. ही जुगाराची खेळी झाली. देशभरातनं माणसं येणार, पैसे खर्च करून, आणि झाडं मोजून परत जाणार. पाच-सहा झाडं काढली तर मैदान हुईल."

"कुठली?" रक्षितानं विचारलं. आवाज शांत होता, पण तिनं डिस्कची पिशवी खाली ठेवली होती.

"ही दोन. जांभळ. बांबूचं बेट अर्धं."

"बांबूचं बेट काढलं की पाचवीला सगळे सरळ मारणार. मग तुमी जिंकणार."

"मग जिंकू द्या की."

म्हादूकाका खदखदून हसले. प्राजक्तालाही हसू आलं, पण तिनं ते दाबलं. किरणचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. झाडांत घुसवलेली बरीच मैदानं तिनं बघितली होती, आणि त्यांतली निम्मी खरोखरच जुगाराची होती. चांगली फेकलेली एखाद्या फांदीला लागून मरायची, वाईट फेकलेली बुंध्याला लागून टोपलीजवळ यायची. तसं मैदान कितीही देखणं असो, ती नापास करायची.

जेवायला ते घरी उतरले. फुलानं भात, कुळथाचं पिठलं आणि कंदांची भाजी वाढली. किरण भाजी दोनदा मागून घेत होता आणि मधेच मान हलवत होता, भाजीसाठी की आठव्या टोपलीसाठी ते कळत नव्हतं. सकाळची ती गुडघ्याएवढी फट प्राजक्ताच्या डोक्यातून जात नव्हती. तशीच एक फट तिसरीला मिळाली होती. पाचवीलाही. किरणला सातवीच्या उताराखालून वर यायला झाडांच्या मधून एक रस्ता सापडला होता. प्रत्येक वेळी तिनं नशीब म्हटलं होतं. इतकं नशीब एका सकाळी कुणाचं नसतं.

तिची तपासायची एक स्वतःची रीत होती. चांगल्या फेकीला मैदान काय देतं हे ती फारसं बघत नसे. चांगल्या फेकीला सगळीच मैदानं देतात. चुकलेल्या माणसाला ते काय देतं, हे ती बघे.

हात धुऊन ती उठली आणि पिशवी खांद्याला लावून थेट आठव्या टोपलीच्या फेकीच्या जागेवर गेली. बाकीचे मागोमाग आले.

"आता मी मुद्दाम चुकणार," ती म्हणाली. "कुणी काही सांगू नका."

पहिली डिस्क तिनं डाव्या किंदळावरच मारली. ती उडून डावीकडच्या कारवीच्या झुडपांत पडली. प्राजक्ता तिच्यामागं गेली, तिथं उभी राहिली आणि बघितलं. टोपली दिसत नव्हती. पण उजवीकडं तिरकी एक मोकळी पट्टी होती; तिच्यातून वळणापर्यंत जाता येत होतं, टोपलीपर्यंत नाही. दुसरी तिनं उजव्या किंदळावर मारली. तिथून पट्टी आखूड होती, पण सरळ. तिसरी दरवाजातून नेऊन पुढं फार लांब फेकली, वळण ओलांडून, किरणसारखी जोरात. ती सगळ्यात वाईट जागी गेली. तिथून मागंच यावं लागत होतं. चौथी तिनं भित्र्या माणसासारखी अलीकडंच टाकली. तिथून टोपली दिसत नव्हती, पण पुढचं सगळं दिसत होतं.

ती बराच वेळ त्या चौथ्या डिस्कजवळ उभी राहिली.

थोडं चुकलं की थोडा दंड, जास्त चुकलं की जास्त. घाबरला त्याला एक फेक, हाव धरली त्याला दोन. कुणालाही फुकट काही नाही, आणि कुणाचीही वाट पुरती बंद नाही. ते दोन किंदळ तिथं मुळापासूनच होते, ते कुणी लावले नव्हते. पण फेकीची जागा दोन पावलं डावीकडं असती तर हे सगळं बिघडलं असतं. टोपली थोडी पुढं असती तर बिघडलं असतं. कुणीतरी हे जाणून केलं होतं.

"तू इथं किती डिस्क मारल्यास?" तिनं रक्षिताला विचारलं.

"ह्या टोपलीला? दोन पावसाळे," रक्षिता म्हणाली. "पयल्यांदा टोपली तिकडं वर हुती. तिथं डावीकडं गेलं की मेलंच माणूस, बाहेर यायला जागाच न्हाई. मग खाली आणली. मग सोपी झाली. मग परत थोडी सरकवली. रोज चार बाजूंनी चुकून बघायची. काका म्हणायचे, पोरगी शिकून आली ती चुकायला."

"व्हय," म्हादूकाका म्हणाले. "म्हणायचो."

प्राजक्ता पुढच्या टोपल्यांवरही तसंच करत गेली. डावी चूक, उजवी चूक, लांब, आखूड. किरण आधी कंटाळल्यासारखा मागं चालत होता. दहाव्या टोपलीला त्यानं स्वतःहून एक डिस्क मुद्दाम जाळीत मारली आणि शोधायला गेला. अकरावीला त्या दोघांत पैजच लागली, जिथून बाहेर येताच येणार नाही अशी जागा कुणाला सापडते त्याची. कुणालाच सापडली नाही. किरण काट्यांनी ओरबाडलेला हात चाटत जाळीतून बाहेर आला आणि म्हणाला, "आयला, हितनंबी हाय." त्याच्या आवाजातला सकाळचा राग कुठंतरी गळून पडला होता. प्राजक्ताला मात्र एक वेगळीच हुरहूर लागली होती. खेळणं सोडल्यापासून ती मैदानात येऊन मोजमाप करून जायची. एखाद्या मैदानानं तिला असं हाताला धरून पुढं पुढं नेलं नव्हतं.

म्हणूनच तेरावी टोपली तिला जास्त लागली.

तेराव्या टोपलीची फेकीची जागा एका उंचवट्यावर होती. समोर, अगदी तोंडावर, एक जुना ऐन. त्याचा बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा. डावीकडं कातळ, उजवीकडं दाट बांबू. ऐनाच्या डावीकडून जावं तर कातळ, उजवीकडून जावं तर बांबू, वरून जावं तर फांद्या. प्राजक्तानं सहा डिस्क मारल्या. चांगल्याही मारल्या आणि वाईटही. सगळ्या सारख्याच मेल्या. किरणनं चार मारल्या. त्यातली एक, सगळ्यात गचाळ, ऐनाला लागून उलटी उडाली, कातळावर आपटली आणि टोपलीजवळ जाऊन पडली.

आता बोलावं लागणार होतं.

"रक्षिता, ही टोपली चुकली आहे," ती म्हणाली. "बाकीचं सगळं इतकं नीट आहे म्हणून ही जास्त दिसते. इथं चांगलं खेळणाऱ्याला काही मिळत नाही. किरणची ती शेवटची बघितलीस ना?"

रक्षितानं मान खाली घातली. तिला हे नवीन नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं म्हादूकाकांकडं बघितलंसुद्धा नाही, आणि तेवढ्यावरून प्राजक्ताला उमगलं.

"ही काकांची टोपली," रक्षिता शेवटी म्हणाली. "जागा त्यांनी निवडली. हितला वाटा त्यांचा हाय."

म्हादूकाका पुढं आले. कमरेला आकडी, त्यात कोयता, डोक्याला मफलर. "चुकली म्हणताय?"

"हो काका."

"ह्या ऐनाला बगल द्यायचीच न्हाई मुळी. डिस्क चाकागत उभी धरायची आणि भुईवरनं पळवायची. ऐनाच्या मुळांवरनं उडी मारती, कातळाला घासत जाती, टोपलीच्या पायाशी. जमतंय ते."

"दाखवा की," किरण म्हणाला, आणि त्यानं स्वतःची चांगली डिस्क काढून त्यांच्या हातात दिली.

काकांनी मफलर सोडून बाजूला ठेवला. दोन पावलं मागं गेले, डिस्क उभी धरली आणि सोडली. डिस्क खरंच चाकासारखी पळाली. मुळापर्यंत गेली, मुळावर उडी घेतली, आणि हवेतच तोंड फिरवून बांबूच्या बेटात शिरली. आत कुठंतरी टक टक टक असा आवाज होत राहिला आणि थांबला.

काकांनी दुसरी मागितली. ती कातळावर चढली आणि परत त्यांच्याच पायाशी आली. तिसरी ते सोडणारच होते, पण थांबले. डिस्क हातात उलटीसुलटी करून बघितली.

"कवा जमलं हुतं?" रक्षितानं हळूच विचारलं.

काकांनी ऐनाकडं बघितलं, मग बांबूकडं. "जमलं न्हाई अजून," ते म्हणाले. "जमंल म्हणून ठेवली हुती."

रक्षिताला हसू आवरेना. काका आधी रागावल्यासारखे झाले, मग त्यांच्याही मिशीखाली हसू फुटलं. पाच वर्षं घरात कुणी हा विषय काढला नव्हता. रक्षिताला वाटायचं, काकांचा मान जाईल. काकांना वाटायचं, पोरीनं काही म्हटलं नाही म्हणजे टोपली चांगलीच असणार.

मग चौघंही कामाला लागली. ऐनाला धक्का लावायचा नाही, हे कुणी बोललं नाही, पण ठरलेलंच होतं. फेकीची जागाच हलवायची. प्राजक्तानं जवळच्या एका वारुळाच्या बाजूला उभं राहून बघितलं. तिथून ऐन डाव्या खांद्याला येत होता आणि बांबूच्या कडेनं एक लांब, वाकडी वाट उघडत होती. किरण म्हणाला, अजून मागं. रक्षिता म्हणाली, मागं गेलं की कातळ संपतो, आखूड टाकणाऱ्याला शिक्षाच उरत न्हाई. त्यावर किरणनं वाद घातला नाही, तो तिथं जाऊन उभा राहिला, आखूड टाकून बघितली आणि म्हणाला, "खरं हाय." कोयत्यानं पालापाचोळा बाजूला करून काकांनी स्वतः चार दगड रोवले. प्रत्येकानं चुकून बघितलं. डावीकडची चूक कातळाखाली जात होती, पण तिथून एक चढी वाट होती. उजवीकडची बांबूच्या तोंडाशी थांबत होती.

"आता नीट टाक," प्राजक्ता किरणला म्हणाली.

किरणनं या वेळी घाई केली नाही. त्यानं डिस्क किंचित तिरकी धरली आणि अर्ध्याच जोरानं सोडली. ती ऐनाला बगल देऊन गेली, बांबूच्या कडेकडेनं उजवीकडं झुकत राहिली, आणि आता बाहेर जाणार असं वाटत असतानाच सावकाश डावीकडं वळून टोपलीच्या पुढ्यात उतरली. पानांचा चुर्र असा आवाज झाला. दिवसभरात त्याला जमलेली ही सगळ्यात सुरेख फेक होती, आणि तिच्यात जोर नव्हता.

उरलेल्या पाच टोपल्या त्यांनी उन्हं कलायच्या आत संपवल्या. संध्याकाळी गवे खालच्या शेताकडं उतरतात, म्हणून चारनंतर रानात कुणी थांबत नसे.

अंगणाच्या कोपऱ्यात, जिथं मोबाइलला जेमतेम रेंज मिळते, तिथून प्राजक्तानं संघटनेच्या सचिवांना फोन लावला. त्यांनी आधी खोल्यांचं विचारलं. दोन, ती म्हणाली. गाड्या लावायला जागा? भात काढलेलं एक शेत. रस्ता? शेवटचा कच्चा.

"मग मैदान कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"मी खेळलेलं सगळ्यात प्रामाणिक मैदान," ती म्हणाली. "अवघड आहे. पण ते फसवत नाही. जेवढं चुकलं तेवढंच घेतं. शंभर माणसं इथं आणू नका, रान आणि घर दोन्ही दमतील. तीस आणा. पण आणा."

राष्ट्रीय स्पर्धा शेवटी दुसरीकडं गेली, मोठ्या शहराजवळ, जिथं हॉटेलं होती. पण फेब्रुवारीत तीस खेळाडूंची एक स्पर्धा रक्षिताच्या रानात ठरली. प्राजक्तानं सचिवांना कळवलं की ती तपासणीला येणार नाही, नाव खेळाडूंच्या यादीत घाला. गुडघ्याचं काय, त्यांनी विचारलं. तिथं पळावं लागत नाही, ती म्हणाली.

तीसजण आले. कुणी रामनगरला उतरले, कुणी गावातल्या घरांतून राहिले. पहिली फेरी सकाळी झाली, आणि दुपारी सगळे आंब्याखाली पंगतीला बसले. दमलेली माणसं भात कालवत राहिली. मग चेन्नईहून आलेल्या एका मुलीनं शेजारच्याला विचारलं, त्या आठवीला तू डावीकडं गेलास की उजवीकडं. आणि एकदम सगळेच बोलायला लागले. कोण कुठल्या झाडाला लागलं, कुठल्या जाळीतून कसं बाहेर आलं, हे हातातले घास तसेच ठेवून एकमेकांना हातवारे करून सांगायला लागले. पुण्याचा एकजण तर ताट बाजूला सारून मातीत काडीनं वाट काढून दाखवत होता. फुला भाताचं पातेलं घेऊन मधे उभी राहिली. वाढू कुणाला, कुणी वर बघेना. म्हादूकाका तेराव्या टोपलीबद्दल कोण काय म्हणतंय ते कान देऊन ऐकत होते.

प्राजक्तानं आपलं ताट पुढं केलं. "मला वाढा, फुलाक्का," ती म्हणाली. "दुपारच्या फेरीला ताकद लागणार."